हवेच्या बंदुका आणि चार महिन्यांचं खरं

ज्या घराचा पुढचा अर्धा भाग दुकान असतो, त्या घरातल्या बाईला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात. आमच्या परसात निशाण टांगायची एक सागवानी फळी होती. दुरुस्त झालेल्या प्रत्येक बंदुकीतून तिच्यावर दोन-चार छर्रे मारून बघायचे. दिवसाला दोन-चारच, पण वर्षाअखेर त्या फळीत एवढं शिसं बसायचं, की ती उचलायला दोन माणसं लागायची. किश्श्यांचं ओझंही तसंच वाढतं. आज तुम्हा बायांपुढे थोडं उतरवून ठेवते.

पण त्याआधी माझ्या एका व्रताचं सांगायला हवं.

मी व्रतं पुष्कळ केली. सोळा सोमवार केले, मंगळागौरी पुजल्या, एक चातुर्मास तर फक्त पानावर जेवले, ताटाला शिवले नाही. पण सगळ्यांत अवघड व्रत मी सगळ्यांत सोपं समजून धरलं होतं.

आमचं दुकान सीताबर्डीवर होतं. हवेच्या बंदुका विकायच्या, दुरुस्त करायच्या, आणि ज्यांच्या बंदुकीवर दुर्बीण असे त्यांना ती जुळवून द्यायची. ह्या बंदुकीत दारू नसते. पोटात एक जाड स्प्रिंग असते; ती दाबून ठेवायची, चाप ओढला की ती सुटते, हवेला ढकलते आणि डमरूच्या आकाराचा शिशाचा छर्रा नळीतून बाहेर पडतो. संत्र्याच्या बागांचे मालक पोपट-माकडं हाकलायला ती नेत, हौशी लोक निशाणबाजीला. दुर्बिणीची बंदूक तेव्हा नवलाची चीज होती, आणि दुर्बीण जुळवावी तर राजाभाऊंनीच, असं लोक म्हणत. राजाभाऊ म्हणजे आमचे हे. दुर्बिणीत दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, छर्रा नेमका तिथेच पडला पाहिजे. हे काम हातापेक्षा डोळ्याचं.

त्या वर्षी जेठात यांच्या उजव्या डोळ्यावर सायीसारखं काही दिसू लागलं. डावा तर लहानपणी देवी आल्या तेव्हापासूनच अधू. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "मोतीबिंदू आहे, पण कच्चा आहे. पिकल्याशिवाय काढता येत नाही. दिवाळीनंतर या."

आषाढी एकादशीला मी देवापुढे तळहातावर पळीभर पाणी घेतलं आणि म्हटलं, "देवा, चार महिने मी खोटं बोलणार नाही. लहान नाही, मोठं नाही, चेष्टेतलंसुद्धा नाही. यांचा डोळा परत दे."

मग यांना सांगितलं.

"डोळ्याचं बाहेर कळलं, तर दुर्बीण घेऊन कोणी आपली पायरी चढणार नाही," हे म्हणाले. "चार महिने हीच एक गोष्ट झाकायची आहे, आणि तू नेमकं हे व्रत धरलंस?"

"मी आपणहून कोणाला सांगणार नाही. पण कोणी विचारलं तर?"

"कोण विचारणार आहे?"

तेव्हा आम्हां दोघांनाही तसंच वाटलं होतं!

* * *

पहिली परीक्षा श्रावणात झाली. पारशिवनीकडे नानाजींची संत्र्याची बाग होती. मिशा पांढऱ्या, आवाज बैल हाकायच्या सवयीचा. त्यांनी भिंतीवरची सगळ्यांत मोठी, जर्मन बनावटीची बंदूक उतरवायला लावली. यांचा चेहरा खुलला. ती बंदूक वर्षभर तशीच टांगलेली होती.

मी चहा घेऊन बाहेर आले, तर नानाजींनी मलाच विचारलं, "वैनी, घ्याची तं हेच घ्याची ना? तुमी सांगा!"

हे माझ्याकडे बघत होते. मी कप ठेवला. "नानाजी, घेण्याआधी दहा वेळा चढवून बघा."

चढवायची म्हणजे नळी मधून मोडून खाली ओढायची, आतली स्प्रिंग दबून अडकेपर्यंत. रिकामी मात्र सोडायची नाही; पुढे छर्रा नसला की स्प्रिंग टोकाशी आपटते आणि पोटातलं सगळं खिळखिळं होतं. म्हणून नानाजी दर वेळी छर्रा घालून परसातल्या फळीवर मारत होते. पहिल्या तीन वेळा हसत होते. पाचव्याला पागोटं काढून ठेवलं. सातव्याला ओट्यावर बसले.

"सात बारात मानूस मेला," ते धापा टाकत म्हणाले, "अन् पोपट जितेच!"

"पोपटाला मारताच कशाला?" मी म्हटलं. "झाडाला राकेलचा रिकामा डबा टांगा आणि डब्यावर मारा. आवाजानं थवा उठतो. त्याला ती धाकटी बंदूक पुरे, आणि ती तुम्हाला दिवसभर ओढवेल."

नानाजी धाकटी घेऊन गेले. जाताना यांना म्हणाले, "राजाभाऊ, हे दुकान तुमी चालवून राहिले का वैनी?"

यांनी मोठी बंदूक पुसून पुन्हा खिळ्याला टांगली. रागावले नाहीत. "अजून तीन महिने आहेत," एवढंच म्हणाले.

* * *

बापूसाहेब आमचे शेजारी. सेक्रेटरिएटात हेडक्लार्क. घरात भाजी अळणी झाली तरी तोंडी बोलायचे नाहीत, चिठ्ठी लिहायचे, असं त्यांची बायको सांगे. चोरांच्या भीतीनं त्यांनी आमच्याकडून एक बंदूक नेली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, ते लेखी तक्रार घेऊन आले.

तक्रार अशी: बंदूक चालवली असता छर्रा पुढे न जाता बोरासारखा टपकन अर्जदाराच्या पायावर पडला. सबब स्प्रिंग निकृष्ट होती.

"ठेवली कशी होती?" यांनी विचारलं.

"तयार ठेवली होती! नागपंचमीपासून चढवून दाराआड उभी आहे. चोर काय आपण बंदूक चढवेपर्यंत थांबेल?"

ही चूक सुशिक्षित लोकच करतात. हे हसू दाबत स्प्रिंग काढायला लागले, तर बापूसाहेब माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही निष्पक्षपाती सांगा. दोष कोणाचा?"

"बापूसाहेब, तुम्हाला नागपंचमीला उकिडवं बसवलं आणि पोळ्याला ऊठ म्हटलं, तर उठाल?"

त्यांनी क्षणभर विचार केला. मग खिशातून फाउंटन पेन काढलं आणि स्वतःच्याच तक्रारीखाली शेरा मारला: "अर्जदार स्वतः जबाबदार."

इथवर हसण्यासारखं होतं. पण नवी स्प्रिंग बसेपर्यंत ते बाकावर बसले, आणि हेडक्लार्कची नजर! हळूच मला म्हणाले, "राजाभाऊ हल्ली मान तिरपी करून बघतात. मानेला काही झालंय का?"

"मानेला काही झालेलं नाही," मी म्हटलं.

अक्षर न् अक्षर खरं होतं. बापूसाहेबांचं समाधानही झालं. पण संध्याकाळी देवापुढे वात लावताना माझा हात थबकला. दुसऱ्या दिवशी मी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"आज कसला उपास?" यांनी विचारलं.

"मानेचा," मी म्हटलं.

* * *

बापूसाहेबांचाच आणखी एक. छर्रे डब्यातून आले की मी ते सुपात घेऊन निवडत असे. शिसं मऊ, वाटेत एकमेकांवर आदळून कोणाची कड दबते, कोणाला पोचा पडतो. दबलेल्या कडेचा छर्रा कितीही चांगल्या बंदुकीतून वाकडाच जातो. म्हणून बाकीची दुकानं डबा तसाच विकत, आमच्याकडे निवडून मिळत.

हे म्हणायचे, "एक दिवस भातात छर्रा येईल बघ!" मी म्हणे, "मी हात धुते, सूप धुते, कशाला येईल?"

महालक्ष्म्यांच्या जेवणाला बापूसाहेब पंगतीत होते. वरण-भाताचा दुसराच घास, आणि ते चावता चावता थांबले. तोंडातून काही काढून पानाच्या कडेला ठेवलं आणि अत्यंत सभ्यपणे विचारलं, "वहिनी, हा खडा आहे की...?"

एरवी मी 'खडाच असेल हो' म्हणून मोकळी झाले असते. पण व्रत! मी वाकून बघितलं.

"छर्रा आहे. भात टाका, दुसरा वाढते. आणि तो मात्र परत द्या, निवडलेल्यांतला आहे."

दुसऱ्या दिवसापासून छर्ऱ्यांचं सूप वेगळं झालं. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही.

* * *

पितृपक्षात नानाजींची बायको, सगुणाबाई, स्वतः बंदूक घेऊन आल्या. पाठीवर बंदूक, डोक्यावर टोपलं, टोपल्यात माझ्यासाठी भाजी. बंदूक अशी चिकट झाली होती की धरवत नव्हती.

"फटाक्यावानी वाजली वं बाई! धूर निंगाला, मालक पयत सुटले, अन् पोपट जागचा हालला नाही."

"तेल घातलं होतं का?"

"मीच वतलं. गाडीच्या आखाले वततो तसं, वाटीभर. जवसाचं."

हवेच्या बंदुकीच्या पोटात चामड्याचा वॉशर असतो. त्याला तेलाचा एक थेंब पुरतो, तोही दोन-तीन महिन्यांतून. जास्त झालं की दाबाच्या उष्णतेनं तेल आतच पेटतं. आणि जवसाचं तर वाळून डिंकासारखं बसतं. यांनी सगळी बंदूक उकलली आणि एकेक भाग राकेलमध्ये बुडवून धुवायला घेतला. बघण्यापेक्षा चाचपूनच काम चाललं होतं. आम्ही दोघी दारात भाजी निवडत बसलो.

सगुणाबाईंनी आवाज खाली घेतला. "बाई, तुमच्या मालकाच्या डोळ्यात सफेदी दिसून राहिली वं. माह्या सासऱ्याले असंच झालं होतं. दिसत नाही ना त्याइले?"

अशी सरळ विचारणारी ती पहिलीच. माझ्या हातातली देठं तशीच राहिली.

"नाही दिसत," मी म्हटलं. "दिवाळीनंतर डोळा काढणार... मोतीबिंदू काढणार आहेत." आणि मला रडू आलं. तीन महिन्यांत मी हे कोणाशीच बोलले नव्हते.

सगुणाबाईंनी माझं रडणं होऊ दिलं. भाजी निवडत राहिल्या.

"कोणाला सांगू नका हो," मी म्हटलं.

"मी कोनाले सांगू?" त्या म्हणाल्या. "पोपटायले?"

* * *

उमरेडकडचे एक मालगुजार, म्हणजे जमीनदार, होते. घरात वाघाच्या शिकारीच्या बंदुका, दिवाणखान्यात वाघाची मुंडकी. त्यांनी शिकारीच्या बंदुकीवरची दुर्बीण काढून हौसेनं हवेच्या बंदुकीवर बसवली, आणि आठवडाभरात दुर्बिणीतली रेघ तुटली.

"माझ्या मोठ्या बंदुकीवर ही दहा वर्षं टिकली!" ते दुकानात उभ्यानंच गरजले. "आणि ह्या खेळण्यावर आठ दिवस नाही?"

"साहेब, मोठी बंदूक फक्त मागे ढकलते," हे म्हणाले. "ही मागे ढकलते आणि स्प्रिंग टोकाला आदळली की त्याच क्षणी पुढे ओढते. पुढच्या ओढीची ह्या दुर्बिणीला सवय नव्हती. हिच्यासाठी बनवलेली दुर्बीण वेगळी येते."

मालगुजारांना ते पटेना. दुकानदार नवी दुर्बीण विकायला असं सांगणारच! माझ्या व्रताचं तोवर बाहेर कळलं होतं आणि नानाजींमुळे ते खेड्यापाड्यांत पोचलं होतं. मी दारात होते; मालगुजार माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही खोटं बोलत नाही म्हणतात. हे खरं आहे?"

"यंत्रातलं मला यांच्याएवढं कळत नाही," मी म्हटलं. "पण माणसाचं तसंच होताना पाहिलंय. नुसता धक्का माणूस सोसतो. ढकलून लगेच जवळ ओढलं की तुटतो."

मालगुजार माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या घरात काय होतं मला ठाऊक नाही. ते बाकावर बसले आणि म्हणाले, "मागवा."

ते बंदूक आमच्याकडे ठेवून गेले. नवी दुर्बीण मुंबईहून दसऱ्याच्या आधी आली. जुळवून द्यायची होती दिवाळीनंतर. आतापर्यंत हे दुर्बिणीचं प्रत्येक काम 'दसऱ्यानंतर या' म्हणून पुढे ढकलत आले होते. हे काम मात्र यांचा डोळा होईपर्यंत ढकलता येणार नव्हतं.

* * *

खंडेनवमीला दुकानातल्या सगळ्या हत्यारांची पूजा मी करायची. पाने, स्क्रूड्रायव्हर, बंदुका, सगळं पाटावर मांडून हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. मालगुजारांची नवी दुर्बीण बंदुकीवर चढवलेली होती. तिलाही मनोभावे वाहिलं. यांच्या डोळ्यासाठी दोन बोटं जास्तच.

दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे दार लावून दुर्बिणीला डोळा लावून बसले. उजव्या डोळ्यात निदान उजेड-अंधार कळत होता, म्हणून एकदा बघायचं होतं. मी चहा घेऊन गेले, तर बंदूक मांडीवर, आणि हे पांढरेफटक.

"संपलं," हे म्हणाले. "काल धुरकट होतं. आज सगळं लाल आहे. डोळ्यात रक्त उतरलं."

मी कप खाली ठेवला, शेजारी बसले, आणि का ते सांगता येणार नाही, पण मी दुर्बिणीला माझा डोळा लावला.

मलाही सगळं लालच दिसलं!

दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर माझ्याच बोटांचं कुंकू होतं. मी आधी हसले, मग रडले, मग पदरानं काच पुसायला गेले, तर यांनी हात धरला. "कोरडी पुसू नको! कुंकवाचा कण काचेवर ओरखडा काढेल. आधी फुंकणीनं उडव, मग जुन्या मलमलीचा तुकडा, तोही धुतलेला, आणि मधून बाहेर गोल."

काच स्वच्छ झाली. यांनी बंदूक घेतली नाही. माझ्याच हातात राहू दिली.

"काय दिसतं?" यांनी विचारलं.

"आडवी रेघ. उभी रेघ. पलीकडे फळीवरचा खिळा."

"खिळ्याला गंज आहे?"

"एका बाजूनं आहे."

यांनी उठून वाळूची पिशवी आणली.

त्या दिवसापासून दुपारी दुकान झाकून, शेजारपाजार वामकुक्षीत असताना, आम्ही परसात दुर्बिणी जुळवू लागलो. हे बंदूक चढवून देत, मी वाळूच्या पिशवीवर हात टेकून, हातावर बंदूक ठेवून मारी. जिवंत काही मारायचं नाही, फक्त पुठ्ठा, हे मी आधीच सांगितलं होतं.

"जात्याचा खुंटा आवळतेस तशी आवळू नको," हे सांगत. "वाऱ्यात समई विझू नये म्हणून हात धरतेस ना, तशी धर. हिला उडायचं तितकं उडू दे."

मी सांगे, "तांदूळभर डावीकडे." हे एक स्क्रू फिरवत. "आता हरभऱ्याएवढं वर." दुसरा स्क्रू. स्वयंपाकघरातली मापं, पण काम बिनचूक होई. दसऱ्यापर्यंत अडकलेली सगळी कामं दिवाळीच्या आत गेली, आणि एकही परत आलं नाही.

लोक म्हणाले, "राजाभाऊंचा डोळा अजून तसाच आहे!"

मला कोणी विचारलं नाही. मी कोणाला सांगितलं नाही. पण तुळशीशी उभी राहिले की मला वाटायचं, न विचारलेलं खरं किती दिवस खरंच राहतं?

* * *

यांच्या डोळ्याचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगलेला नको. मार्गशीर्षात मोतीबिंदू काढला. जाड भिंगाचा चष्मा आला. वर्तमानपत्र वाचू लागले, नातवंडांची तोंडं ओळखू लागले. दुर्बिणीतल्या बारीक रेघा मात्र पुन्हा कधी सापडल्या नाहीत. देवानं ऐकलं. सगळं नाही ऐकलं, पण ऐकलं.

आता शेवटचा किस्सा. हा मोतीबिंदू काढण्याच्या आधीचा, दिवाळी उलटल्यावरचा. व्रताचे तीन दिवस उरले होते.

मालगुजार बंदूक न्यायला आले. सोबत दिवाणजी. बाकावर बापूसाहेब आणि नानाजी होतेच. मालगुजारांनी बंदूक उचलली, दुर्बीण निरखली आणि म्हणाले, "मिस्त्री, मागे एका ठिकाणी उस्तादाचं नाव सांगून काम दुसऱ्याच कोणाकडून करून घेतलं होतं. म्हणून विचारतो. ही तुम्ही स्वतःच्या डोळ्यानं जुळवली ना?"

यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मालगुजारांनी हात वर केला.

"तुम्ही नाही. बाईंना विचारतो."

मी दारात उभी होते. बापूसाहेब माझ्याकडे बघत होते, नानाजी बघत होते. हे बघत नव्हते. समोरचा पाना उचलून पुन्हा जागेवर ठेवत होते. अजून तीन दिवस! तीन दिवसांनी मला कोणी हेच विचारलं असतं, तर मी काय बोलले असते, ते मला आजही सांगता येत नाही.

मी चौकटीला हात धरला. "साहेब..."

"तिला विचारू नका," हे म्हणाले. "मी सांगतो."

पाना खाली ठेवला. "माझा उजवा डोळा जेठापासून गेलाय. डावा लहानपणापासून अधू. ही दुर्बीण तिनं पाहिली, मी फक्त स्क्रू फिरवले. दसऱ्यापासून ह्या दुकानातून गेलेली प्रत्येक दुर्बीण तिच्या डोळ्याची आहे."

बापूसाहेबांच्या हातातल्या पेनाची शाई धोतरावर पडत होती, त्यांना कळत नव्हतं. नानाजींच्या तोंडून नुसतं "बाप्पा!" निघालं.

"म्हणजे बाईनं जुळवली," मालगुजार म्हणाले. "दिवाणजी, उचला बंदूक."

आमच्या दुकानाचं नाव त्या वाक्याबरोबर पायरी उतरलं. दिवाणजींनी बंदूक उचलली. पण मालगुजार उंबऱ्यात थांबले. शिकारी माणूस, न बघता सोडवेना. "आधी बघू," म्हणाले आणि सरळ परसात गेले.

त्यांनी तीन छर्रे मारले. एक डावीकडे, एक वर, एक पुठ्ठ्याच्या पार कडेला.

"हे बघा! हे तुमचं जुळवणं!"

"साहेब, तुम्ही ती वाघाच्या बंदुकीसारखी आवळताय," हे म्हणाले. "तिला मारू द्या."

"कोणाला?"

"माझ्या बायकोला."

मी चार पुरुषांसमोर कधी बंदुकीला हात लावला नव्हता. पदर खोचला. कुलदेवतेचं नाव घेतलं. बापूसाहेबांनी नवा पुठ्ठा टांगला. तीनदा यांनी बंदूक चढवून माझ्या हातात दिली, तीनदा मी चाप ओढला.

मालगुजार स्वतः फळीपर्यंत गेले. पाठमोरे बराच वेळ उभे राहिले. मग पुठ्ठा काढून आणला, आणि तो मला दाखवला नाही, कोणालाच दाखवला नाही. यांच्या हातात दिला.

यांनी कडेपासून अंगठा फिरवत आणला. मधोमध थांबला. पुढे गेला, चारही कोपरे चाचपले, पुठ्ठा उलटा करून पाठीवरूनही फिरवला. पुन्हा मधोमध येऊन थांबला.

"एकच भोक आहे," हे हळूच मला म्हणाले. "बाकीचे दोन कुठे गेले गं?"

मालगुजारांनी पागोटं सारखं केलं आणि दिवाणजींना हाक मारली, "गाडीत माझी दुसरी बंदूक आहे. तीही आणा."

* * *

बायांनो, येती आषाढी काही लांब नाही. तुमच्यापैकी जिला जमेल तिनं एकदा चार महिने हे व्रत धरून बघावं, एवढं माझं मागणं आहे.